कोणचा कर्नल

धंतोलीतल्या रक्तपेढीत, तळमजल्यावर,
एक मशीन आठशे एकोणचाळीस दिवस न झोपता चालतंय.
अंगावर धूळ, आणि एक पिवळी चिठ्ठी:
"बंद करू नये. विचारूही नये. – चाफले"
चाफले दोन वर्षांपूर्वी हैदराबादला गेले.
अक्षर अजून दरडावतं.

मे महिना, रात्रीचे पावणेदोन, बाहेर अजून छत्तीस.
प्लाझ्मासाठी नवा फ्रीझर आलाय,
आणि त्याचं कार्ड या मशीनला दिसत नाही.
म्हणजे आहे, खाचेत बसलंय, हिरवा दिवाही लागतो;
पण जुन्या कर्नलला त्याचं नाव ठाऊक नाही.
लग्नात कुणी दूरचा नातेवाईक समोर यावा
तसा तो हसतो, आणि पुढे जातो.

लांजेवार काका गेटवरून पाणी भरायला आले.
बावीस वर्षं पलटणीत होते, कामठीला.
"काय करून राहिल्या मॅडम, एवढ्या रातीं?"
म्हटलं, कर्नल बदलायचा की नाही ते ठरवतेय.
ते बाटली धरून तसेच उभे. नळ वाहत राहिला.
"कर्नल कोणी आपल्या मनानं बदलवते का?"

मी समजावलं, हा तसला नव्हे, हा मशीनच्या पोटातला.
कोणाला किती जागा, कोणाची पाळी आधी,
दार कोण ठोठावतंय, त्याला आत घ्यायचं का,
सगळं हाच पाहतो.
"मंग तोच की," काका म्हणाले. नळ बंद केला.

"आमच्या जुन्या कर्नलले माहीत होतं
कोणता जवान कुठं लपून बिडी वढते.
नवा आला, त्यानं पयल्याच दिवशी जोड्यांची जागा बदलवली.
रातीं भोंगा वाजला, अर्धी पलटण चपलांवर."
म्हणजे नवा वाईट?
"वाईट कायले? त्यानंच तर मेसचं पाणी तपासाले लावलं.
जुन्याच्या राज्यात आम्ही सारे तेच पेत होतो."

जुन्याचीही डागडुजी होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.
नव्यात सापडलेली भोकं कुणीतरी, कुठेतरी
रात्र जागून जुन्यात बुजवतं.
कूलरच्या ताटीत दर उन्हाळ्यात नवा वाळा भरतो तसं:
चौकट तीच, पंपाची खडखड तीच,
वास तेवढा ताजा.
पण या डिसेंबरात तेही थांबणार. तारीख जाहीर आहे.

वर खोब्रागडे थर्मामीटर घेऊन बसली,
दर पाच मिनिटांनी वहीत आकडा.
चिठ्ठीकडे न बघता मी नवा चढवला.
आठशे एकोणचाळीसचं शून्य झालं.
काहीच आवाज झाला नाही. मला वाटलं होतं होईल.

नवं कार्ड एका दमात उठलं: उणे चाळीस पूर्णांक दोन.
मी टाळी वाजवणार, तेवढ्यात वरून,
"मॅडम, लेबल निघत नाही."
पिशव्यांवर रक्तगट छापणारा तो करडा, म्हातारा प्रिंटर.
नव्याच्या यादीतून कुणीतरी त्याचं नाव काढलं होतं.
आता वापरतं कोण, असं म्हणून बहुधा.

आम्ही वापरतो.

पुन्हा बंद, पुन्हा सुरू.
काळ्या पडद्यावर दोन ओळी, वर नवा, खाली जुना,
आणि पाच सेकंद.
चार.
बाण खाली.

सकाळी सीताबर्डीच्या एका गाळ्यातून
जुन्याच्या ओळखीतलं एक जुनं कार्ड आणलं,
साडेनऊशे रुपये. दुकानदारानं फुंकर मारून दिलं.
गेटवर काका सायकलचं कुलूप काढत होते.
"मंग? कोणचा कर्नल ठेवला?"
जुनाच. डिसेंबरपर्यंत.
"अन् मंग?"
मग हा नवा. तोवर तोही थोडा जुना होईल,
आणि प्रिंटरची मागणी मी वर पाठवलीय.
ते हसले नाहीत.
"तंवर जोडे उशाशी ठेवा," म्हणाले, आणि पायडल मारलं.

खाली जाऊन मी चिठ्ठीतलं दुसरं वाक्य खोडलं.
पहिलं राहू दिलं.